कारभारणीची शेपटी

जव्हारात दाऊदमियां कलईवाल्यांच्या अंगणात एक कोंबडी होती. तिचा तोरा असा, की संस्थानचा सगळा कारभार हिच्याच पंखाखालून चालतो की काय असं बघणाऱ्याला वाटावं. म्हणून तिचं नाव कारभारीण. रंगाने तांबूस, मानेला काळी झालर, आणि चाल तर विचारूच नका. वाटेत कुत्रं आलं तरी ती बाजूला व्हायची नाही, कुत्रंच वळसा घालून जायचं.

नाव ठेवलं होतं दाऊदमियांच्या थोरल्या मुलीने, जैनबआपाने. अंड्यातून निघाल्यापासून ओढणीच्या शेवात घालून तिनेच हिला वाढवलं. गेल्या वर्षी आपाचं लग्न झालं आणि ती मोखाड्याला सासरी निघाली, तेव्हा गळ्यात पडून सगळ्यांचा निरोप घेतला तो घेतला, पण सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ रडली ती कोंबडीला धरून. बैलगाडीत चढता चढता धाकट्या बहिणीला म्हणाली, "अनीसा, तुझ्या भरवशावर ठेवून चाललेय हिला. मी येईन तेव्हा अशीच दिसली पाहिजे."

तेव्हा अनीसा बारा वर्षांची होती. आता तेरा लागलं होतं, आणि मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. मुलींच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांपुढे तिने न अडखळता सबंध धडा वाचून दाखवला, आणि साहेबांनी मान हलवली. बस. त्या दिवसापासून अनीसाला वाटायला लागलं की जगात असं एकही काम नाही जे आपल्याला जमणार नाही. बेगमफुफीच्या, म्हणजे अब्बांच्या बहिणीच्या, मते हा एक आजार होता आणि त्याच्यावर भांडी घासणं हा उत्तम उपाय होता.

तर झालं असं, की जैनबआपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. अम्मी तिला आणायला मोखाड्याला गेली होती, पाऊस जरा उघडला की येत्या आठवड्यात दोघी गाडीने निघणार होत्या. घर सांभाळायला फुफी होती. तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं की ओल्या बाळंतिणीला कारभारणीचीच अंडी द्यायची, आणि कारभारीण नेमकी तेव्हाच खुडूक बसली.

खुडूक कोंबडी काय चीज असते ते ज्याच्या घरी असते त्यालाच कळतं. उबवायचं वेड लागतं आणि अंडी घालायचं बंद. बुडाखाली एक अंडं नाही, तरी पिसं फुलवून कोपऱ्यात अशी बसते जणू खजिना राखतेय. जवळ गेलं की कुर्रर्र करते, हात घातला की टोचते.

"पाण्यात बुडव आणि डालग्याखाली कोंड," फुफीने सांगितलं. "दोन-तीन दिवसांत डोकं ठिकाणावर येतं."

जव्हारात सगळेच असं करत. बुडाचा ताप उतरला की खुडूक मोडते, हे बायकांना पाठ होतं. काहीजणी नाकात पीसही खुपसत, पण ते अनीसाला बघवत नसे. पाण्याचं काम मात्र तिने असं मनावर घेतलं, जणू साहेब पुन्हा तपासणीला येणार आहेत. शाळेत जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, दिवेलागणीच्या आधी आणखी एकदा. पन्हाळीखाली भरलेली बादली, त्यात कारभारीण पोटापर्यंत बुचकळायची, आणि निथळत निथळत डालग्याखाली. कोंबड्या झाकायचं ते डालगं कुठे, तर छपराखालच्या त्याच कोपऱ्यात जिथे खालून ओल येत होती.

उन्हाळ्यात ते चालून गेलं असतं. पण भादवा होता. दांडीवरचे कपडेसुद्धा चार-चार दिवस वाळत नव्हते, मग कोंबडीच्या बुडाचं काय वाळणार? हा प्रश्न कुणाला पडला नाही. अनीसाला तर नाहीच नाही.

आणि मग एका शनिवारी कारभारीण गप्प झाली. कुर्रर्र नाही, टोचणं नाही. डालगं उचललं तर खाली मान घालून नुसती उभी.

"फुफी, खुडूक मोडली! मी मोडली!"

"शाबास," फुफी म्हणाली. फुफीचं शाबास वर्षातून एखाद्या वेळी निघायचं, त्यामुळे अनीसाने ते आळीभर वाटलं.

रविवारी सकाळी हौशी आली. हौशी म्हणजे अनीसाची वर्गातली सोबतीण. मूळची पोशेऱ्याची, घरी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. तिचा मामा राजवाड्याच्या पागेत शिपाई होता, त्याने तिला जव्हारला आणून शाळेत घातलं होतं. हौशी बोलायची कमी आणि हसायची जास्त. पण त्या दिवशी अंगणात पाऊल टाकताच तिने नाक मुरडलं.

"अनीसे, तुमच्याकडं काय मेलंय काय?"

"तूच आलीस, त्याचाच वास असेल."

"नाय गं, खरंच." हौशी वास काढत काढत डालग्यापाशी गेली. डालग्यावर हिरव्या चकचकीत माश्या भणभणत होत्या. "ही का अशी उभी? आजारी हाय काय?"

"आजारी कसली! खुडूक मोडलीय तिची. मी मोडली."

"खुडूक मोडलेली कोंबडी अंगणभर बोंबलत फिरते. ही बघ, डोळे पण उघडत नाय." हौशीने कारभारणीला उचलून काखेत घेतलं आणि शेपटी वर केली.

पुढचं सांगताना अंगावर काटा येतो, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही. शेपटीखालची पिसं विष्ठेने आणि ओलीने चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता. माश्यांनी त्याच्यात अंडी घातली होती, आणि त्या अंड्यांतून निघालेल्या पांढऱ्या अळ्या पिसांच्या मुळाशी वळवळत होत्या. नुसत्या पिसांत नाही. कातडीत. कातडी लालभडक होऊन सोलली होती, आणि एका जागी तर अळ्यांनी आत घर केलं होतं.

अनीसा किंचाळली. हौशीही किंचाळली, पण तिने कोंबडी सोडली नाही, हे तिचं मोठेपण.

किंचाळणं ऐकून फुफी तोंडाला पदर लावत आली, आणि तिच्या मागोमाग हातातली कलई फिरवायची कापसाची बोळी तशीच घेऊन अब्बा आले. त्यांच्या भट्टीवर सकाळपासून राजवाड्याच्या मुदपाकखान्याची पातेली चढली होती. अब्बांनी वाकून पाहिलं, पिसं जरा बाजूला केली आणि सरळ झाले.

"किडे पडलेत. ही जगत नाही, बेटा."

"जगेल! आपण काढू ना."

"आत शिरलेत बघ. तडफडून मरेल. त्यापेक्षा मीच सुरी फिरवतो, तिचे हाल संपतील. आपोआप मेली तर मुरदार होईल, हराम होईल, कुत्र्यालाही घालता येणार नाही." अब्बा हे रागाने बोलत नव्हते. त्यांच्या घरात जनावराचा जीव घ्यायचा तर नीट, अल्लाचं नाव घेऊन, धारदार सुरीने, नाहीतर घ्यायचाच नाही. तीच त्यांची माया होती. त्यांनी फळीवरची सुरी काढली आणि अंगठ्यावर धार बघितली.

अनीसा त्यांच्या आणि हौशीच्या मधे उभी राहिली.  सुरीवरची नजर तिने काढली नाही.

"अब्बा, आपा येतेय. तिला मी काय सांगू?"

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. भट्टीत एक निखारा तेवढा फुटला.

"मला पातेली पोचवायला राजवाड्यावर जायचंय," अब्बा शेवटी म्हणाले. "तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून परत येईन. तोवर हिने चोचीत काही घेतलं, एक दाणा का होईना, तर सुरी परत फळीवर. नाही घेतलं, तर मग तू आडवी यायची नाहीस. कबूल?"

"कबूल!" अनीसा म्हणाली. तिचं हे असंच असायचं. कबूल आधी आणि विचार मागाहून.

अब्बा हातगाडी लोटत गेले आणि दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आता?" हौशी म्हणाली.

"आता आपण तिला साफ करायचं." अनीसाची नजर अब्बांच्या नवसागराच्या पुडीवर गेली. "हे! तांब्यावरचा काळा थर जातो याने, मग किडे कसे जाणार नाहीत?"

"अगं कोंबडी हाय ती, पातेलं नाय! उद्या म्हणशील कलईपण लाव."

नवसागर राहिला. कोमट पाणी आणि मीठ यावर दोघींचं एकमत झालं, कारण पायाला काटा लागून पिकलं की दोघींच्याही घरी तेच करत. पसरट भांड्यात पाणी केलं. कारभारणीने भांडं पाहिलं मात्र, इतका वेळ मिटलेला तिचा डोळा उघडला.

"तिला वाटलं असेल, आली परत मारेकरीण," हौशी म्हणाली, आणि अनीसाने भांडं घाईघाईने जरा मागे सरकवलं.

पाण्यात गठ्ठा मऊ पडला, पण सुटेना. पिसं कापायला हवी होती. घरात एकच चांगली कातर होती, फुफीची, आणि ती नव्या कापडाशिवाय कशालाही लावायची नाही असा कायदा होता. अनीसाने कायदा मोडला. पहिलं पीस कापून होतंय न होतंय तोच मागून आवाज आला.

"निलाजरे! माझी कातर? कोंबडीच्या बुडाला?"

"फुफी, मी धार लावून आणेन, उकळत्या पाण्यात धुवेन, अत्तर लावेन..."

"अत्तर लावते म्हणे." फुफीने बाह्या वर सारल्या आणि धपकन खाली बसली. "आणि धरलीय कशी बघ. अशी धरतात? पाय माझ्या मुठीत दे, डोकं काखेत. तोंडावर फडकं टाक, अंधार झाला की गप्प राहते. हं, काप आता. कातडीला लागली ना, तर तुझे केस कापीन."

मग काम रंगात आलं. अनीसा कापत होती, हौशी मामाच्या करदोट्याला असतो तो काटे काढायचा बारका चिमटा धावत जाऊन घेऊन आली होती. रानात फिरणारा माणूस त्याच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एकेक अळी चिमट्यात धरायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची. सुरुवातीला हौशी "शी, शी" म्हणत होती, थोड्या वेळाने "ही बघ केवढी!" म्हणायला लागली. थोरल्या धाकट्या सगळ्यांना नावं पडली. सगळ्यात लठ्ठ अळीला वर्गातल्या एका मुलीचं नाव मिळालं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

पण आतल्या काही हाती लागेनात. चिमटा जवळ गेला की त्या आणखी आत सरकत, आणि फुफीच्या काखेत कारभारीण थरथरत असे.

"बाहेर यायला त्यांना आतमधे नकोसं झालं पाहिजे," अनीसा म्हणाली आणि डोकं खाजवलं. खाजवता खाजवता तिचा हात तसाच थांबला. "फुफी! उन्हाळ्यात माझ्या उवांना काय लावलं होतंस?"

"सीताफळाच्या बिया वाटून. डोळे बांधून ठेवले होते तुझे, तरी आळीभर रडत फिरलीस."

"उवा मरतात तर अळ्या का नाही पळणार?"

फुफी तिच्याकडे बघत राहिली. "बिया आता कुठून आणशील? पाला आण. पाल्यानेही उवा मरतात. गुरांच्या जखमेला लावतानासुद्धा पाहिलाय मी. माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

मशिदीमागच्या सीताफळाच्या झाडाला त्या दिवशी काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक. अनीसा ओढणीभर पाला घेऊन आली. हौशीने तो पाट्यावर वाटला, आणि तो हिरवा कडू लगदा त्या जखमेवर बसवून वर चिंधी धरली. तिघी दम धरून बसल्या. जरा वेळाने चिंधी उचलली, तर आतल्या अळ्या धक्काबुक्की करत बाहेर निघत होत्या, बाजार उठल्यासारख्या.

"निघाल्या, निघाल्या!" हौशी ओरडली आणि चिमटा सरसावला.

पाला धुऊन टाकला, जखम पुन्हा मिठाच्या पाण्याने साफ केली. आता वाळवायचं. उन्हाचा पत्ता नव्हता, पण अब्बांची भट्टी अजून ऊबदार होती. फुफीने कारभारणीला गोणपाटावर भट्टीच्या दगडापाशी धरलं आणि अनीसा भाता हळूहळू ओढायला लागली. एरवी तांब्याची घागर लाल करणारा भाता आता कोंबडीला फुंकर घालत होता. ओल्या पिसांतून वाफा निघायला लागल्या. निघतच राहिल्या. आज तर नुसती शेपटीच भिजवली होती, तरी केवढं ते पाणी! पोटाखालून, मांड्यांमधून, पिसांच्या अगदी मुळातून.

अनीसाचा भाता थांबला.

"फुफी," ती बारीक आवाजात म्हणाली, "ही कधी वाळलीच नव्हती. मी रोज भिजवली आणि ओलीवरच कोंडली. खुडूक मोडली नव्हती गं. आजारी पडली होती, आणि मी नाचत होते."

हौशी उगाच पाट्यावरचा पाला पुसत बसली.

"बुडव म्हणून मीच सांगितलं होतं," फुफी म्हणाली. "तू फक्त जरा जास्त मन लावून केलंस. भाता ओढ."

अनीसाने भाता ओढला.

मग जखमेवर तेल-हळद लागली, आणि सुरू झाली खाण्याची मनधरणी. तांदळाची कणी ठेवली. मान नाही वळली. नागलीची भाकरी कुस्करून ठेवली. नाही. हौशीने बोटावरून पाणी पाजलं तेव्हा दोन-चार थेंब घशात गेले, पण पाणी म्हणजे दाणा नव्हे. अनीसाने शेंगदाणा चावून चावून मऊ करून दिला. कारभारणीने डोळे मिटले. तेवढ्यात मशिदीतून असरची अजान आली.

"जरा तरी खा गं, नकटे," अनीसा तिच्या कानाशी लागून म्हणाली. "नाटकं कर, खाल्ल्यासारखं दाखव. मी पण फुफीने केलेलं कारलं तसंच खाते."

"ऐकलं हं मी," फुफी म्हणाली.

हातगाडीची चाकं गल्लीत खडखडली. अब्बा आले, हात-पाय धुतले, आणि गोणपाटापाशी येऊन उभे राहिले. छाटलेली शेपटी, पिवळंजर्द बूड, कणी, भाकरी, शेंगदाणा, सगळं त्यांनी पाहिलं. तिघींच्या चेहऱ्यांकडेही पाहिलं. दाणा तसाच होता.

"साफ छान केलीय," ते हळूच म्हणाले. "पण बोलणं झालं होतं आपलं, अनीसा."

अनीसा मागे सरकली. ती आडवी आली नाही. कबूल म्हटलं होतं. अब्बांनी सुरी घेतली, पाण्याची वाटी घेतली आणि गुडघ्यावर बसले.

आणि त्याच वेळी भट्टीच्या दगडाच्या फटीतून एक अळी बाहेर आली. हौशीच्या चिमट्यातून निसटलेली, पांढरी, लठ्ठ. वळवळ करत ती दगडावरून निघाली, थेट कारभारणीच्या चोचीसमोरून.

कारभारणीने एक डोळा उघडला. मान वाकडी केली. दुसऱ्या डोळ्यानेही नीट पाहून घेतलं. आणि टक्!

अळी गायब.

"अगं बाई!" हौशी किंचाळली. "थुंक! थुंक ते!"

पण कारभारीण थुंकायला तयार नव्हती. उलट, आणखी आहे का म्हणून ती फटीत बघत होती.

अब्बा सुरी धरून तसेच बसले होते. "मी दाणा म्हटलं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, चोचीत काही घेतलं!" अनीसा उसळली. "एक दाणा का होईना, म्हणालात! ही तर दाण्यापेक्षा मोठी होती अब्बा, जिवंत होती, धावत होती!"

"धावती शिकार केलीय पोरीने," फुफी म्हणाली. "दिवसभर हिला खाल्लं मेल्यांनी, आता ही त्यांना खातेय. आणि तू सुरी घेऊन बसलायस? ठेव ती वर."

अब्बांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मग ते एवढे हसले की वाटीतलं पाणी सांडलं आणि त्यांना ठसका लागला. सुरी फळीवर गेली. तिच्या जागी त्यांनी भट्टीची थंड झालेली राख घमेल्यात भरून आणली, छपराखालच्या कोरड्या बाजूला पसरली, वर भाताचं तूस टाकलं, आणि म्हणाले, "हिला आता इथे ठेवा. धूर असतो, माशी येत नाही. आणि वर मलमल घाला, डालगं नको."

मलमल म्हणून फुफीची जुनी ओढणी गेली. तिने तोंड वाकडं केलं, पण दिली.

पुढचे दिवस अनीसा सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याचा बोळा फिरवायची, लगेच भट्टीपाशी वाळवायची, हळद लावायची, आणि एखादी अळी मागे राहिली नाही ना म्हणून शेपटीखाली असं डोळे लावून बघायची की शाळेत बाईंनी विचारलं, पाढा म्हणताना तू सारखी वाकून काय बघतेस? कातडी गुलाबी झाली. कारभारीण कणी खायला लागली, मग भाकरी, मग अनीसाच्या ताटातली भाकरी.

आणि मोखाड्याची गाडी आली. जैनबआपा मोठ्या पोटाने, अम्मीचा हात धरून, एकेक पाऊल टाकत उतरली आणि सलाम-दुआ व्हायच्या आधीच म्हणाली, "माझी कारभारीण कुठाय?"

अनीसाने सगळं तयार करून ठेवलं होतं. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, कुठे रडू आवरायचं. "आपा, त्याचं असं झालं..."

तेवढ्यात छपराखालून कारभारीण बाहेर आली. तोच तोरा, तीच झालर, तीच चाल. आपासमोर येऊन थांबली, ओळख पटल्यासारखं कुकुक केलं, आणि मग डौलात वळून चालायला लागली. आपा मागून बघते तर काय! शेपटी नाही, पिसं नाही, नुसतं गुलाबी बूड ऐटीत डावीकडे-उजवीकडे.

आपाने आधी डोळे चोळले. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. तिने एका हाताने पोट धरलं आणि दुसऱ्याने गाडीचं चाक.

"हसू नकोस, हसू नकोस!" अम्मी घाबरून ओरडली. "इथेच होईल तुझं!"

"अशीच दिसली पाहिजे म्हणाले होते मी," आपा डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही तर तिची नवी तऱ्हा काढलीत!"

मग अनीसाने बसून सगळं सांगितलं, पाण्यापासून अळीपर्यंत, आणि आपाने तिचा हात धरून ऐकलं. अळीच्या जागी पोचल्यावर आपा पुन्हा हसली आणि अम्मी पुन्हा ओरडली.

अंडी काही कारभारणीने दिली नाहीत. ती हौशीने पोशेऱ्याहून आणली, भाताच्या तुसात घालून टोपलीभर. टोपली आपाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली, आणि जेवणं होईपर्यंत कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. गेलं तेव्हा टोपलीवर कारभारीण बसली होती. पिसं फुललेली, होती तेवढी. डोळे लाल. अनीसाने हात पुढे केला.

कुर्रर्र.

"पुन्हा खुडूक!" हौशी म्हणाली.

सगळ्यांनी फुफीकडे पाहिलं. फुफीने दाराबाहेर पन्हाळीखालच्या बादलीकडे पाहिलं. अनीसा उठली, अंगणात गेली, बादलीतलं पाणी ओतून दिलं, बादली पालथी घातली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

फुफीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे, आणि एकदा आपाच्या पोटाकडे.

"बसू दे," ती म्हणाली. "हिची पिल्लं, जैनबचं बाळ, दोघींचं एकदमच होऊन जाऊ दे."